राणी विकत घेऊ नका

एप्रिल २०२५ मध्ये केनियाच्या नाकुरू परगण्यातल्या एका अतिथिगृहात बेल्जियमचे दोन किशोरवयीन तरुण पकडले गेले. त्यांच्या सामानात हस्तिदंत नव्हते की गेंड्याचे शिंग नव्हते. दोन हजारांवर टेस्ट ट्यूब होत्या आणि त्यांत कापसाचे बोळे घालून सुमारे पाच हजार जिवंत मुंग्या बंद केल्या होत्या. त्यांचे लक्ष्य होते ‘मेसर सेफॅलोटिस’ या पूर्व आफ्रिकेतल्या थोराड, तांबूस, दाणे वेचणाऱ्या मुंगीच्या राण्या. मे महिन्यात न्यायालयाने त्या दोघांना आणि अशाच दुसऱ्या प्रकरणात सापडलेल्या एका व्हिएतनामी व एका केनियन माणसाला प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. दहा लाख शिलिंग म्हणजे साडेसात हजार डॉलरांच्या थोडे वर. ही मुंगी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या यादीत नव्हती. तरी गुन्हा ठरला, कारण देशातला सजीव परवान्याशिवाय गोळा करून बाहेर न्यायचा बेत होता. मुंग्यांचीही तस्करी होते हे वाचून प्रथम हसू येते. युरोपातल्या शौकिनांच्या बाजारात अशा एका राणीला दीडशे पौंडांच्या पुढे भाव येऊ शकतो, हे कळले की ते हसू विरते.

हा भाव देणारी माणसे वाईट नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. बहुतेक जण मुंग्यांच्या खरोखर प्रेमात पडलेले आहेत. दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर ठेवून त्यात मुंग्यांचे घर वसवायचे आणि त्यांचा संसार बाहेरून पाहायचा, हा छंद जुना आहे. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी अशाच काचघरांतल्या निरीक्षणांवर १८८२ साली मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांविषयी गाजलेला ग्रंथ लिहिला. त्यांची एक राणी जवळजवळ पंधरा वर्षे जगली. (इंग्लंडच्या नोकरदारांना बँक हॉलिडेची सुट्टी मिळवून देणारे खासदार ते हेच. मुंग्यांच्या कष्टांचा अभ्यास करणाऱ्याने माणसांना रजा मिळवून द्यावी, हा योगायोग छान आहे.) १९५६ साली अमेरिकेत मिल्टन लेव्हाइन यांनी प्लॅस्टिकची ‘अँट फार्म’ बाजारात आणली आणि हा छंद मुलांच्या खेळण्यांत जाऊन बसला. आता पारदर्शक ॲक्रिलिकची फॉर्मिकेरियम, म्हणजे मुंग्यांची घरे, भारतातही ऑनलाइन मिळतात, मुंग्यांच्या वसाहतींचे व्हिडिओ शाळकरी मुले तासन् तास पाहतात, आणि ‘मला मुंग्या पाळायच्या आहेत’ हा हट्ट पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये यायला लागला तर नवल नाही. या हट्टाला नाही म्हणावे असे माझे म्हणणे नाही. मुंग्या जरूर पाळाव्यात. फक्त राणी विकत घेऊ नये, आणि लांबची तर मुळीच नाही. आपल्या गावात, आपल्याच अंगणात पावसाआधी किंवा पावसासोबत उडालेली आणि पंख टाकून जमिनीवर उतरलेली एक स्थानिक राणी उचलावी. वसाहत सुरू करण्याचा योग्य रस्ता मला हा एकच दिसतो.

हे पटण्यासाठी विकत घेताना आपण नेमके काय घेतो, ते पाहावे लागेल. मुंग्यांची वसाहत कामकऱ्यांच्या संख्येवर टिकत नाही, ती राणीवर टिकते. लेव्हाइन यांच्या खेळण्यासोबत टपालाने येणाऱ्या मुंग्यांत राणी नसे, कारण अमेरिकेत राणी मुंगी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायची तर केंद्रीय कृषी खात्याचा परवाना लागतो. परिणामी त्या लाखो घरांतल्या मुंग्या काही आठवडे बोगदे खणत आणि मग एकेक करून मरून जात. मुलांना वसाहत पाहतो आहोत असे वाटे, प्रत्यक्षात ती एका अनाथ टोळीची अखेर असे. राणी असली की सगळेच बदलते. ती आयुष्यात एकदाच, फार तर काही तासांसाठी आकाशात जाते, तिथे एका किंवा अनेक नरांशी मीलन करते आणि त्यांचे शुक्राणू पोटातल्या एका पिशवीत साठवून खाली येते. या साठ्यावर ती पुढे वर्षानुवर्षे फलित अंडी घालते. नर एक-दोन दिवसांत मरतात. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात ही आपली म्हण नरांच्या बाबतीत तंतोतंत खरी आहे. मीलन झालेली राणी मात्र आपले पंख स्वतःच झटकून टाकते, जमिनीत लहानशी खोली खणून आत स्वतःला कोंडून घेते आणि पहिल्या पिल्लांना वाढवते. मुंगळ्यांसारख्या पुष्कळ जातींत या काळात ती अन्नासाठी बाहेर पडतच नाही. निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू विरघळवून त्यांच्याच बळावर ती अळ्यांना भरवते. प्रयोगशाळेत ठेवलेली युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी सुमारे २९ वर्षे जगल्याची नोंद आहे. बाजारात राणी महाग का, याचे उत्तर इथे आहे. एका नखावर मावणाऱ्या जिवात अख्ख्या वसाहतीचे बीज असते.

आता कुणी म्हणेल, गप्पी मासे, लव्हबर्ड, हॅमस्टर हेही आपण विकतच घेतो, मग मुंग्यांनीच काय पाप केले? फरक पैदाशीचा आहे. गप्पी माशांच्या पिढ्यानपिढ्या टाकीत जन्मलेल्या असतात आणि लव्हबर्ड पिंजऱ्यात वाढलेले असतात. मुंग्यांच्या बहुतेक जातींना ते जमत नाही. त्यांच्या मीलनाला मोकळे आकाश लागते, हवेतला नेमका दमटपणा आणि उष्मा लागतो, आणि आसपासच्या अनेक वसाहतींतल्या नर-माद्यांनी एकाच वेळी उडावे लागते. ॲक्रिलिकच्या डबीत हे घडवून आणणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे दुकानातली राणी, लेबलवर काहीही लिहिलेले असो, बहुतेक वेळा रानातून किंवा शेतातून उचललेलीच असते. ती घरी वाढवलेली आहे हा दावा माशांच्या दुकानात खरा असू शकतो, मुंग्यांच्या दुकानात त्याकडे संशयानेच पाहावे लागते. त्यात ग्राहकाची फसवणूकही सोपी असते. मीलन न झालेली राणी दिसायला तशीच असते, तिने पंख टाकलेले असू शकतात, ती अंडीही घालते. पण मुंग्यांमध्ये फलित न झालेल्या अंड्यातून फक्त नर निपजतो. दीड-दोन महिने वाट पाहिल्यावर नळीत पंखवाले निरुद्योगी नर दिसू लागले की हजारो रुपये पाण्यात गेले हे कळते. वारूळ खणून राणी काढणारे विक्रेते तर एका राणीसाठी चालती वसाहत उद्ध्वस्त करतात, आणि खोलवर बसलेली राणी त्यांना अनेकदा सापडतही नाही.

पैसे बुडणे हे खरे तर किरकोळ नुकसान. मोठा धोका राणी जगली आणि रुजली तर आहे. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक सजीवांची एक प्रसिद्ध यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने केली आहे. तीत वाघ-सिंहांसारखे कुणी नाही, पण मुंग्यांच्या पाच जाती आहेत. त्यांतली पिवळी ‘वेडी मुंगी’ हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांबरोबर पोहोचली, काही दशके गुपचूप राहिली, आणि १९८९ नंतर तिच्या महावसाहती दिसू लागल्या. त्या बेटाची ओळख असलेले लाल खेकडे तिने लाखोंनी मारले. खेकडे गेल्यावर जंगलाच्या तळाचे रूपच बदलले. शेवटी २०१६ मध्ये मलेशियातून आणलेली एक अतिसूक्ष्म गांधीलमाशी तिथे सोडावी लागली. मुंग्या ज्या कीटकांचा गोड स्राव पिऊन माजल्या होत्या, त्यांचाच बंदोबस्त करायचा हा उपाय. याच मुंगीने २०२२ मध्ये तामिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात करंथमलई राखीव जंगलाच्या कडेच्या गावकऱ्यांना हैराण केले. ती डंख मारत नाही, फॉर्मिक आम्ल फवारते. गुरांच्या, शेळ्यांच्या डोळ्यांना इजा होत असल्याच्या आणि जंगलाकडे जाणे नकोसे झाल्याच्या तक्रारी तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांत आल्या. दक्षिण अमेरिकेतली लाल अग्निमुंगी २००१ मध्ये ब्रिस्बेनमध्ये सापडली. तिला हटवण्यासाठी ऑस्ट्रेलिया कोट्यवधी डॉलर ओतते आहे आणि ते काम अजून संपलेले नाही. २०२३ मध्ये हीच मुंगी सिसिलीत सिराक्यूज शहराजवळ ८८ वारुळांनिशी आढळली.

यावर एक आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. वर सांगितलेली आक्रमणे छंदिष्टांनी केलेली नाहीत. ती माल, माती, लाकूड, कुंड्यांतली झाडे यांच्यासोबत घडली. मग शाळकरी मुलाच्या टेस्ट ट्यूबवर राग का? कारण अपघाताने जे क्वचित घडते, ते हा व्यापार मुद्दाम घडवतो. कंटेनरमधल्या मातीतून आलेल्या शंभर मुंग्यांत राणी असेलच असे नाही. असली तरी ती मीलन झालेली, सुदृढ आणि योग्य हवामानात उतरलेली असेल असे तर नाहीच. टपालाने येणारी राणी मात्र या सगळ्या अटी पुऱ्या करून येते, वर मालक तिला अन्न, पाणी आणि ऊब पुरवून तिची वसाहत मोठी करतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली मुंग्यांच्या जागतिक ऑनलाइन बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्रीला असलेल्या पाचशेहून अधिक जातींत आक्रमक ठरलेल्या जातींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. याचे कारण समजायला कठीण नाही. विक्रेत्याला अशी मुंगी हवी असते जी कुठेही जगते, काहीही खाते, झपाट्याने वाढते आणि नवशिक्याच्या हातूनही मरत नाही. आक्रमक जातीचे वर्णन करायला सांगितले तर शास्त्रज्ञ हेच गुण सांगतील. बाजार आपोआप नेमक्या चुकीच्या जाती निवडतो, यात कुणा एका दुकानदाराचा दुष्टपणा नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. अंगणातली राणी उचलणे तरी निर्दोष कसे? तेही एका होऊ घातलेल्या वसाहतीचा घास घेणेच आहे. याचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की उडालेल्या राण्यांपैकी बहुसंख्य पहिल्या काही दिवसांतच मरतात. पक्षी, पाली, कोळी, बेडूक, दुसऱ्या वसाहतींच्या मुंग्या त्यांना खातात आणि वसाहत उभी करेपर्यंत मोजक्याच टिकतात. हे खरे आहे. पण हाच हिशेब केनियातले तस्करही देऊ शकले असते, त्यामुळे तेवढ्यावर थांबता येत नाही. फरक तीन ठिकाणी पडतो. एक राणी घरासाठी घेणे आणि पाच हजार राण्या विकण्यासाठी एका टापूतून गोळा करणे यांत नुसते संख्येचे अंतर नाही. दुसऱ्या प्रकारात दरवर्षी त्याच ठिकाणी परत येण्याचे आर्थिक कारण तयार होते आणि स्थानिक माणसांना रोजगार म्हणून ते शिकवले जाते. दाणे वेचणारी मुंगी बिया पसरवते, माती उलथवते, ती कमी झाली तर कुरणाला त्याची किंमत मोजावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंगणातली राणी अंगणातच राहते. डबीचे झाकण सैल राहिले, पाच-पन्नास मुंग्या पळाल्या, किंवा मुलाचा उत्साह सहा महिन्यांत मावळला, तरी त्या जिथून आल्या तिथेच जातात. आजूबाजूच्या मातीला, झाडांना, त्यांना खाणाऱ्या पालींना त्या ओळखीच्याच आहेत. चूक निस्तरता येते. परदेशी राणीच्या बाबतीत चुकीला परतीची वाटच नसते. सोडून देणे हा गुन्ह्याइतका वाईट पर्याय, आणि मारून टाकणे हा छंदाच्या मुळावर येणारा.

महाराष्ट्रातल्या मुंग्या पाळण्याइतक्या आकर्षक नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या पाहिलेल्या नसतात. भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती-उपजाती नोंदलेल्या आहेत. सह्याद्रीच्या वनांत उडी मारून शिकार करणारी, लांब जबड्यांची आणि टपोऱ्या डोळ्यांची ‘हारपेग्नाथोस’ आहे. २०१० साली जनुकीय आराखडा प्रथमच उलगडला गेलेल्या दोन मुंग्यांपैकी ही एक. ‘डायकॅमा’ या काळ्या मुंगीत तर राणी नावाचा प्रकारच नाही. एक कामकरी मुंगी अंडी घालण्याचा हक्क राखते आणि कोषातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुंगीच्या पाठीवरचे बारीक फुगीर अवयव चावून तोडते, मग त्या मुंग्या आयुष्यभर तिच्या ताब्यात राहतात. इतके राजकारण ज्या वारुळात चालते त्याला कंटाळवाणे म्हणणे धाडसाचे आहे. पण नवशिक्याने या दोघींच्या नादी लागू नये. डायकॅमाला राणीच नसल्याने नळीत एकटी राणी ठेवून सुरुवात करता येत नाही, आणि हारपेग्नाथोसला जिवंत शिकार लागते. कोकणातल्या आंबा-काजूच्या झाडांवर पाने शिवून घरटी बांधणारी तांबडी मुंगी, ओंबील किंवा गोव्याकडे हुमले म्हणतात ती, बघायला अप्रतिम असते. मात्र तिच्या एका वसाहतीची घरटी अनेक फांद्यांवर, कधी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि एकुलती राणी त्यांतल्या एकातच दडलेली असते. घरटे तोडून आणले तर हाती येतात फक्त चावणाऱ्या कामकरी मुंग्या. शिवाय तिला झाड लागते, टेबल नाही.

नवशिक्यासाठी माझी निवड अगदी साधी आहे, आपला काळा मुंगळा. शास्त्रात याला ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ म्हणतात. बाभूळ, बोर, कडुनिंब, अंगणातली पेरू-चिकूची झाडे, इमारतींच्या भिंती असा त्याचा सर्वत्र वावर आहे. आकार मोठा असल्याने भिंगाशिवायही सगळे दिसते. एकाच वसाहतीत लहान डोक्याचे चपळ कामकरी आणि मोठ्या डोक्याचे थोराड सैनिक दोन्ही असतात. मुंगळ्याला नांगी नसते. चिडला तर चावतो आणि आम्ल सोडतो, पण अग्निमुंगीसारखी भाजणारी वेदना होत नाही. झाडावरच्या मावा आणि तत्सम कीटकांना राखून त्यांचा गोड स्राव पिण्याची त्याची रीत असल्याने साखरपाण्याच्या थेंबावर तो आनंदाने येतो. वसाहत सुरुवातीला हळू वाढते. पुष्कळ जण हा दोष मानतात, मला तो मोठा गुण वाटतो. पहिल्या वर्षी मूठभर मुंग्या सांभाळता सांभाळता माणूस शिकतो, घर मुंग्यांनी भरून जात नाही. आणि हा इथलाच असल्याने त्याला आपल्या हवेत हीटरची चटई लागत नाही की फ्रीजमध्ये हिवाळा घडवावा लागत नाही. युरोपातल्या कित्येक जातींना थंडीची विश्रांती मिळाली नाही तर त्या खंगतात. लहान जागेत बसणारी मुंगी हवी असेल तर मोठ्या डोक्याच्या सैनिकांची आणि बिया साठवणारी ‘फायडोले’ चांगली. मात्र तिची आफ्रिकी बहीण वर सांगितलेल्या आक्रमक पाचांत आहे, म्हणून इथेही दुकानाचा रस्ता नको.

काही मुंग्यांपासून लांबच राहावे. पिवळसर फिकट फाराओ मुंगी आणि डोके काळे, अंग पांढुरके अशी बारीक घरमुंगी कुठल्याही फटीतून निघून जातात. त्यांच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि एखादी राणी चार कामकऱ्यांनिशी निघाली की भिंतीत नवा संसार सुरू होतो. फाराओ मुंगी तर रुग्णालयांत जंतू वाहून नेण्यासाठी बदनाम आहे. आपल्याकडे पसरलेली उष्णकटिबंधीय अग्निमुंगी चावते आणि डंखही मारते. ज्यांना कीटकदंशाची ॲलर्जी आहे त्यांच्या घरात ती असणे धोक्याचे. झाडांच्या खोडावर फिरणारी तांबड्या छातीची, काळ्या डोक्याची आणि काळ्या पोटाची सडपातळ ‘टेट्रापोनेरा’ दिसायला देखणी, पण तिचा डंख लक्षात राहतो.

राणी मिळवायची कशी, याला पैसे लागत नाहीत, लक्ष लागते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत, विशेषतः चांगली सर पडून गेल्यावर हवा दमट आणि स्थिर झाली की वेगवेगळ्या जातींच्या पंखवाल्या मुंग्या बाहेर पडतात. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या वाहनतळात, जिन्यात, रस्त्यावरच्या दिव्यांखाली, मंदिराच्या ओट्यावर नजर टाकावी. इथे पहिली फसगत ठरलेली असते. पहिल्या पावसात दिव्याभोवती ज्या हजारो पंखांचा खच पडतो, ते बहुतेक वाळवीचे असतात. ओळख अवघड नाही. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब, कंबर बारीक, मिशा कोपरात वाकल्यासारख्या. मुंगीच आहे याची खात्री पटल्यावर नर वगळायचे. त्यांचे डोके लहान, शरीर काटकुळे, चाल गोंधळलेली. राणीची छाती कामकरी मुंगीच्या मानाने चांगलीच फुगीर असते, कारण तिथे उड्डाणाचे स्नायू असतात, आणि पंख गळाल्याच्या खुणा त्या उंचवट्याच्या बाजूंना दिसतात. जमिनीवर एकटीच, घाईने, फटी हुंगत चाललेली, पंख नसलेली थोराड मुंगी दिसली तर तिचे मीलन झालेले असण्याची शक्यता बरीच. अजून पंख असलेली राणी शक्यतो सोडून द्यावी, तिचे काम कदाचित उरकलेले नसते.

पुढचे सामान घरातले. औषधाच्या दुकानातून किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्याकडून एक टेस्ट ट्यूब आणावी. तिचा तिसरा भाग पाण्याने भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा, राणी आत सोडावी आणि तोंडाला दुसरा बोळा लावावा. नळीला गडद कागद गुंडाळून ती हलणार नाही अशा कपाटात ठेवावी. मुंगळ्याच्या राणीला या काळात अन्न द्यायचे नसते. रोज उघडून पाहायचेही नसते, आणि मुलांना सर्वांत जड जाते ते हेच. घाबरलेली राणी आपलीच अंडी खाते. आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, अंधुक उजेडात पाहिले तरी पुरते. साधारण दीड-दोन महिन्यांत पहिल्या कामकरी मुंग्या येतात. त्या आकाराने खुज्या असतात, कारण आईने त्यांना स्वतःच्या स्नायूंवर वाढवलेले असते. त्यानंतर साखरपाण्याचा किंवा मधाचा थेंब आणि मारलेल्या माशीचा, झुरळाचा तुकडा द्यावा. कीटकनाशक फवारून मारलेले झुरळ मात्र चुकूनही देऊ नये. डबीत हलवताना वरच्या कडेला टाल्कम पावडरचा लेप दिला की बहुतेक मुंग्यांना चढता येत नाही. महागडे फॉर्मिकेरियम पहिल्या वर्षी तरी लागत नाही. मोठ्या रिकाम्या घरात मूठभर मुंग्या बावरतात, कोपऱ्यात कचरा टाकतात आणि त्याला बुरशी येते.

कायद्याचा प्रश्न राहिला. मुंगीसाठी कोण विचारणार, या भरवशावर राहू नये. परदेशातून जिवंत कीटक आणायचा तर वनस्पती संसर्गरोधाच्या २००३ च्या आदेशानुसार आयात परवाना लागतो. टपालाच्या पाकिटात लपवून आलेली राणी बेकायदाच असते. जैवविविधता कायदा २००२ नुसार परदेशी व्यक्तीला इथली जैवसंपत्ती घ्यायची तर राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून इथल्या राण्या बाहेरच्या ग्राहकाला पाठवण्याच्या भानगडीतही पडू नये. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतून काहीही उचलायला वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे, आणि बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शहराला लागून असले तरी त्याला हा नियम पूर्ण लागू आहे. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून कीटक गोळा केल्याबद्दल दोन झेक नागरिकांना अटक झाली होती आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते, हे केनियाच्या बातमीवर हसणाऱ्यांनी विसरू नये. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच न्याय. लंडन किंवा म्युनिकमध्ये असाल तर जुलैच्या उकाड्यात पदपथावर उतरणारी काळी बागमुंगी घ्या. जर्मनीत तांबड्या वनमुंग्यांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यांना हात लावू नका.

शेवटचा आक्षेप असा की मुळात डबीत कोंडायचेच कशाला, बाहेर बघावे. ज्याला बाहेर बघणे जमते त्याने अवश्य बाहेर बघावे, त्याला डबीची गरज नाही. पण मुंगीच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण भाग जमिनीखाली घडतो. आई अळीला कशी भरवते, कोष कसा उघडतो, मेलेल्या मुंग्या कुठे नेऊन टाकतात, हे अंगणात बसून दिसत नाही. लबक यांच्यापासून आजवर मुंग्यांविषयी जे कळले त्यातला मोठा वाटा काचेच्या घरांतूनच कळला आहे. शाळांनी हे काम हाती घेतले तर फारच बरे. एका वर्गाने एका नळीत एक स्थानिक राणी ठेवली, तारखा लिहिल्या, पहिले अंडे, पहिली अळी, पहिला कोष नोंदवला, तर जीवशास्त्राचे चार धडे त्यात होतात आणि खर्च एका टेस्ट ट्यूबचा येतो. मुलाने ऑनलाइन दुकानातली आफ्रिकी राणी दाखवली तर पालकांनी पैसे नाहीत असे सांगून वेळ मारून नेऊ नये, खरे कारण समजावून सांगावे आणि जूनपर्यंत थांबायला लावावे. पहिल्या सरीनंतर त्याला बॅटरी आणि एक डबी देऊन खाली पाठवा. दोन-तीन राण्या दिसल्या तरी एकच घेऊ द्या, कुठे आणि कधी सापडली ते नळीवरच्या चिठ्ठीवर त्यालाच लिहायला लावा, आणि पुढे कधी ही वसाहत सांभाळणे जमेनासे झाले तर ती त्याच जागी नेऊन सोडा.